दरडीआधीचा पैसा

महाराष्ट्रात दरडीखाली माणसे गाडली गेली की सरकारी पैसा हलतो. वारसांना मदत जाहीर होते, वाचलेल्यांसाठी निवारा शेड उभ्या राहतात, नव्या गावठाणासाठी जागा शोधली जाते आणि आजूबाजूच्या डोंगरांची पाहणी करण्याचे आदेश निघतात. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांत मिळून दोनशेच्या आसपास माणसे गेली, तेव्हा हेच झाले. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले आणि १५१ जणांचा जीव गेला, तेव्हाही हेच. २२ जुलै २०२१ ला तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गेली, त्याच दिवसांत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे आणि खेड तालुक्यातील पोसरे येथेही दरडी आल्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची इर्शाळवाडी गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले. या अठरा वर्षांत मदतीची यंत्रणा सुधारली, तुकड्या लवकर पोहोचू लागल्या, याबद्दल वाद नाही. पण डोंगर उभा असताना, माणसे जिवंत असताना, त्याच वाडीला त्याच सरकारी तिजोरीतून पैसा मिळण्याची वाट आजही लांब आणि अडचणीची आहे. दरडीचा धोका कमी करण्यासाठीचे अनुदान अपुरे आहे अशी तक्रार नेहमी ऐकू येते आणि ती खरी आहे. मात्र माझ्या मते त्याहून मोठा दोष हे अनुदान कशावर सुरू होते यात आहे. ते मृत्यूवर सुरू होते. ते धोक्यावर सुरू व्हायला हवे. आणि ते सुरू झाल्यावर पहिला रुपया भिंतीवर घालण्याआधी पाण्याच्या निचऱ्यावर आणि धोक्यातल्या कुटुंबाच्या स्थलांतरावर खर्च व्हायला हवा.

कायदा या बाबतीत मागे नव्हता, अंमल मागे राहिला. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्याच्या ४६, ४७ आणि ४८ या कलमांत दोन वेगळे निधी सांगितले आहेत: आपत्ती आल्यावर वापरायचा प्रतिसाद निधी आणि आपत्ती येऊ नये किंवा आली तरी तिची झळ कमी बसावी म्हणून वापरायचा सौम्यीकरण निधी. हे दोन्ही निधी राज्य पातळीवर हवेत आणि जिल्हा पातळीवरही हवेत, असे कलम ४८ सांगते. यातला प्रतिसाद निधी लवकर अस्तित्वात आला, कारण त्याआधीही नैसर्गिक आपत्तीसाठी मदतनिधी होताच. राष्ट्रीय सौम्यीकरण निधी मात्र फेब्रुवारी २०२१ मध्ये स्थापन झाला, म्हणजे कायदा झाल्यावर पंधरा वर्षांहून अधिक काळाने. मधल्या काळात माळीण होऊन गेले होते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीला १ लाख ६० हजार १५३ कोटी रुपये दिले आणि त्यातला २० टक्के भाग, म्हणजे सुमारे ३२ हजार कोटी, सौम्यीकरणासाठी बाजूला काढला. महाराष्ट्रासारख्या राज्यात यातल्या प्रत्येक चार रुपयांपैकी तीन केंद्राचे आणि एक राज्याचा. राष्ट्रीय पातळीवर सौम्यीकरणाला आणखी १३,६९३ कोटी मिळाले. आपत्तीपूर्व कामासाठी देशात प्रथमच कायमचा, दरवर्षी येणारा पैसा ठेवला गेला, आणि ही गोष्ट मोठी होती.

या निधीचा हेतूही चांगला लिहिला गेला. वस्ती पातळीवरच्या, लोकसहभागाच्या, पर्यावरणाला धरून असलेल्या कामांसाठी हा पैसा वापरावा, असे आयोगाने म्हटले. समुद्रकाठच्या भिंती, पूरबांध अशी अवाढव्य बांधकामे नेहमीच्या विकास योजनांतून करावीत, या निधीतून करू नयेत, असेही बजावले. जानेवारी २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना याच धोरणावर आधारलेल्या आहेत. पण त्याच आयोगाने दरडी आणि भूकंप यांसाठी जे ७५० कोटी वेगळे राखून ठेवले, ते ‘दहा पहाडी राज्यां’साठी, म्हणजे हिमालयातील आणि ईशान्येकडील राज्यांसाठी होते. सह्याद्री त्या व्याख्येत बसला नाही. महाराष्ट्र, कर्नाटक आणि केरळ ही कागदोपत्री सपाट राज्ये ठरली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हिशोबाप्रमाणे देशातील सुमारे ४.२ लाख चौरस किलोमीटर भूभाग दरडप्रवण आहे आणि त्यातला सुमारे ९० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून थोडा अधिक, पश्चिम घाट आणि कोकणच्या डोंगरात आहे. इतका मोठा पट्टा एका प्रशासकीय व्याख्येमुळे राखीव निधीच्या बाहेर राहिला.

ही चूक नोव्हेंबर २०२४ मध्ये काही प्रमाणात दुरुस्त झाली. केरळमधील वायनाडची दरड-दुर्घटना होऊन तेव्हा चार महिने होत आले होते. केंद्रीय गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने पंधरा राज्यांसाठी दरडींचा धोका कमी करण्याचा एक हजार कोटींचा प्रकल्प मंजूर केला. ईशान्येकडील आठ राज्यांना ३७८ कोटी, उत्तराखंड आणि हिमाचलला प्रत्येकी १३९ कोटी, महाराष्ट्राला १०० कोटी, कर्नाटक आणि केरळला प्रत्येकी ७२ कोटी, तमिळनाडू आणि पश्चिम बंगालला प्रत्येकी ५० कोटी. पश्चिम घाटातल्या चार राज्यांचे मिळून २९४ कोटी होतात. क्षेत्रफळाचा हिशोब लावला तर हा वाटा अन्यायाचा नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. प्रश्न पुढे येतो, तो हे १०० कोटी महाराष्ट्रात कुठे आणि कसे जातील याचा. एकट्या रायगड जिल्ह्याच्या यादीत शंभराहून अधिक दरडप्रवण गावे आहेत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर, पुणे, ठाणे, नाशिक यांच्या याद्या निराळ्या. समजा राज्यात पाचशे वस्त्यांना हा पैसा सारखा वाटला, तर वाडीला वीस लाख येतील. वीस लाखांत डोंगराला थोपवणारी भिंत होत नाही. वाडीच्या डोक्यावरचे पाणी बाजूला काढणारे चर, घराघरांतले सांडपाणी गोळा करणारी गटारे, एक पर्जन्यमापक आणि उताराची नीट पाहणी एवढे मात्र त्यात बसू शकते. समजा तेच १०० कोटी दहा-पंधरा घाटरस्त्यांच्या कडेला लोखंडी जाळ्या आणि काँक्रीट लावण्यात गेले, तर वाड्यांच्या वाट्याला काहीच उरणार नाही. आपल्याकडे कामाची निवड होते तेव्हा रस्ता नेहमी जिंकतो, कारण रस्त्याला खाते आहे, ठेकेदार आहे, वाहतुकीचा आकडा आहे. वाडीकडे यातले काही नसते.

पैसा पाण्यावर आधी का घालायचा, हे सह्याद्रीचा डोंगर कसा तुटतो ते पाहिल्यावर कळते. दख्खनच्या पठाराचा खडक थरांचा आहे. खाली कठीण कातळ, त्यावर कुजलेला, सुटा झालेला खडक आणि मुरूम, त्यावर माती. कोकणच्या बाजूला कित्येक ठिकाणी जांभ्याचा थर. माती आणि मुरूम पाणी पितात, कातळ पीत नाही. चार-पाच दिवस संततधार लागली की वरचा थर तुडुंब भरतो, त्याचे वजन वाढते, आणि कातळाच्या पाठीवर साचलेले पाणी तो थर आतून उचलू लागते. मातीचे कण एकमेकांना धरून असतात ती पकड सुटते. मग एका मोठ्या सरीत सगळा उतार चिखल, दगड, झाडे घेऊन खाली येतो. इर्शाळवाडीच्या आधीच्या तीन दिवसांत त्या भागात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. जुलै २०२१ च्या त्या अतिवृष्टीत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर नोंदला गेला. पाऊस कुणाच्या हातात नाही. पण उतारावर पडलेले पाणी किती मुरू द्यायचे आणि किती वळवायचे, हे बऱ्याच अंशी हातात आहे. वाडीच्या वरच्या अंगाला, उताराला आडवा, दगडाने किंवा काँक्रीटने अस्तर केलेला चर काढायचा. त्याला इतका ढाळ द्यायचा की पाणी कुठेही थांबणार नाही, आणि त्याचे तोंड बाजूच्या नैसर्गिक ओढ्यात सोडायचे. अस्तर राहून गेले तर तोच चर पाणी मुरवण्याची खाच होतो आणि धोका वाढवतो. पन्हाळीचे पाणी, न्हाणीघराचे पाणी, टाकीतून आणि नळजोडातून गळणारे पाणी हेसुद्धा त्यातच घ्यायचे. माथ्यावर भेगा दिसल्या तर मे महिन्यात त्या चिकणमातीने ठोकून बुजवायच्या आणि वरून ताडपत्री घालायची. ही कामे गावातल्या गवंड्याला येतात. त्यांना लागते ती जागा अचूक दाखवणारी तज्ज्ञाची नजर, आणि दर पावसाळ्याआधी गाळ काढायला थोडा नियमित पैसा.

हा केवळ तर्क नाही. कॅरिबियनमधील सेंट लुशिया या छोट्या बेटावर २००४ पासून माल्कम अँडरसन आणि लिझ होलकोम या अभ्यासकांनी गरीब डोंगरवस्त्यांत नेमके हेच केले. लोकांना घेऊन उताराचा नकाशा काढला, पाणी कुठे मुरते ते शोधले, वस्तीतल्याच मजुरांकडून गटारे बांधून घेतली. खर्चाचा मोठा भाग साहित्य आणि मजुरीच्या रूपाने वस्तीतच राहिला. २०१० मध्ये टॉमस चक्रीवादळाने बेटावर एका दिवसात पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस ओतला, ठिकठिकाणी दरडी आल्या. गटारे झालेल्या वस्त्या टिकल्या. जागतिक बँकेने पुढे या पद्धतीवर मार्गदर्शक ग्रंथच काढला. सेंट लुशियाची माती निराळी आणि वस्त्यांचा आकारही निराळा, हे मान्य. फार उंचावरून सुटणाऱ्या मोठ्या दरडीला हे गटार अडवू शकणार नाही. इर्शाळवाडीची दरड गटाराने थांबली असती असा दावा कुणी करू नये. पण दर पावसाळ्यात दोन-चार घरे घेऊन जाणाऱ्या लहान-मध्यम दरडी संख्येने फार असतात, त्यांची बातमी जिल्ह्याच्या पानापलीकडे जात नाही, आणि त्यांच्यावर हा उपाय चालतो.

याउलट आपला कल भिंतीकडे आहे. मुंबईचे उदाहरण यासाठी बोलके आहे. झोपडपट्टी सुधार मंडळाने २०१० मध्ये शहरातील डोंगरउतारांची पाहणी केली, तेव्हा ३२७ ठिकाणे धोक्याची निघाली आणि २२,४८३ झोपड्या त्या छायेत होत्या. त्यातल्या ९,६५७ झोपड्या प्राधान्याने हलवाव्यात आणि उरलेल्यांना संरक्षक भिंतीचा आधार द्यावा, अशी शिफारस झाली. पुढच्या वर्षांत भिंतींच्या निविदा निघत राहिल्या, हलवण्याचे काम मात्र अडून राहिले. १८ जुलै २०२१ ला चेंबूरच्या भारतनगरमध्ये भिंत घरांवर पडली आणि १९ माणसे गेली. संरक्षक भिंत वाईट असते असे मला म्हणायचे नाही. मागच्या पाण्याला बाहेर पडायला भोके आणि त्यामागे खडीचा गाळणथर ठेवलेली, पाया कातळापर्यंत नेलेली भिंत उत्तम काम करते. पण भोके बुजलेली भिंत पाणी साठवते, आणि मग ती आधार राहत नाही, लोकांवर पडणारे वजन होते. अनुदानाच्या कागदांत मात्र भिंतीची लांबी, रुंदी, उंची मोजता येते, देयक काढता येते, उद्घाटन करता येते. निचरा मोजणे अवघड, स्थलांतर तर त्याहून अवघड. जे मोजायला सोपे तेच आपण मंजूर करत आलो.

सरकारचा एक हात धोका कमी करण्यासाठी पैसे देत असताना दुसरा हात धोका वाढवत असतो, याचाही हिशोब या आढाव्यात हवा. माळीणनंतर पडकई योजनेवर बरीच चर्चा झाली. डोंगरउतारावर हाताने बांध घालून भातखाचरे काढण्याची पडकई ही आदिवासी शेतकऱ्यांची जुनी, संयमाची रीत. अनुदान आले तेव्हा तिच्या जागी यंत्राने सपाटीकरण झाले, असा आक्षेप अनेक अभ्यासकांनी घेतला. माळीणच्या दुर्घटनेत त्याचा नेमका वाटा किती यावर मतभेद आहेत आणि अतिवृष्टी हेच मुख्य कारण होते, हेही खरे. तरी उतार कापणाऱ्या कोणत्याही सरकारी कामाला, मग ते खाचर असो, रस्त्याचे रुंदीकरण असो की जलवाहिनी, पाण्याचा निचरा कुठे जाणार हे दाखवल्याशिवाय निधी मिळू नये, एवढी अट घालायला मतभेद मिटण्याची गरज नाही. ही अट फुकट आहे आणि कदाचित सगळ्या अनुदानांपेक्षा जास्त जीव तीच वाचवेल.

आता सर्वात गंभीर आक्षेप. दरड कुठे येणार हे सांगताच येत नसेल, तर धोक्यावर पैसा द्यायचा कसा? इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच सांगितले होते. हा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. देशाचा दरडप्रवणतेचा नकाशा पन्नास हजारास एक या प्रमाणावर आहे, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. अठ्ठेचाळीस घरांची वाडी त्यावर काही मिलिमीटरची असते. असा नकाशा तालुका निवडायला उपयोगी, वाडी निवडायला नाही. शिवाय आपल्या याद्या महसुली गावांच्या असतात. गावाचे नाव यादीत असते आणि धोका तीन किलोमीटर वरच्या वाडीला असतो, किंवा गाव सुरक्षित म्हणून वाडीही सुरक्षित धरली जाते. म्हणून अनुदानाचा पहिला हप्ता पाहणीसाठीच असला पाहिजे आणि ती वाडीवार झाली पाहिजे. त्यात भूवैज्ञानिक हवा, तसेच गुरे घेऊन माथ्यावर जाणारी माणसेही हवीत, कारण माथ्यावरची नवी भेग, तिरपे झालेले झाड, अचानक गढूळ झालेला झरा किंवा आटलेला पाझर आधी त्यांनाच दिसतो. यादी चुकेल, हे गृहीत धरून पावसाचे मापन दाट करायचे. महाराष्ट्रात स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळाच्या पातळीवर आहेत. घाटमाथ्यावर एका मंडळात दोन डोंगरांवरचा पाऊस दुपटीने वेगळा असू शकतो. वायनाडमध्ये कल्पेट्टा येथील ह्यूम सेंटर या संस्थेने शेतकरी आणि मळेवाल्यांच्या मदतीने पर्जन्यमापकांचे जाळे उभे केले होते आणि ३० जुलै २०२४ च्या पहाटेच्या दरडीआधी सोळा तास त्या आकड्यांवरून धोक्याचा इशारा दिला होता. म्हणजे ज्ञान होते. ते माणसे हलवण्यापर्यंत पोहोचले नाही, कारण अशा इशाऱ्याला अधिकृत स्थान नव्हते. पावसाचा ठरावीक आकडा ओलांडला की ग्रामपंचायतीने विचारणा न करता वाडी शाळेत किंवा निवाऱ्यात हलवायची आणि त्या रात्रींचा जेवणाचा, अंथरुणाचा, बुडालेल्या मजुरीचा खर्च निधीतून द्यायचा, अशी तरतूद झाली तर नकाशाची उणीव पुष्कळ भरून निघेल. मजुरी बुडते म्हणून माणसे हलत नाहीत, ही बाब धोरण लिहिणाऱ्यांनी हलकी समजू नये.

लोक मूळ जागा सोडायला तयार नसतात, असे अधिकारी सांगतात. काही ठिकाणी ते खरेही आहे. पण न हलण्याला कारणे असतात आणि ती बहुतेक वेळा हिशोबाची असतात. शेत वर, गुरे वर, रानातला हिरडा आणि मोहाची फुले वर. खाली रस्त्याकडेला दिलेल्या घरात गोठ्याला जागा नाही. वनजमिनीवरच्या कसवणुकीचा दावा मंजूर झालेला नसतो आणि जागा सोडली तर तोही जाईल ही भीती असते. त्यात आधीच्या पुनर्वसनाचा अनुभव. दासगावची कितीतरी कुटुंबे वर्षानुवर्षे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, हे पंचक्रोशीतल्या प्रत्येकाने पाहिले. नवे माळीण आमडे येथे उभे राहिले, घरे चांगली झाली आणि एप्रिल २०१७ मध्ये ती लोकांना मिळाली. पहिल्याच पावसाळ्यात तिथे भराव खचल्याच्या आणि रस्त्यांना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. इर्शाळवाडीसाठी चौकजवळ मानिवलीला सिडकोने ४४ घरे उभारली. ही घरे दुर्घटनेनंतरची आहेत. दुर्घटना न होता कुणा वाडीला असे घर हवे असेल, तर त्यासाठी मागता येईल असा ठरलेला हक्क नाही. प्रतिसाद निधीच्या निकषांत डोंगराळ भागातले पूर्ण पडलेले घर १ लाख ३० हजारांना पात्र ठरते. पडू शकणाऱ्या घराला तिथे रकाना नाही. जपानने हा रकाना केला आहे. १९९९ मध्ये हिरोशिमा परिसरात दरडींनी मोठी हानी केल्यावर तिथे कायदा झाला, पिवळे आणि लाल असे धोक्याचे पट्टे आखले गेले. कड्याखालचे घर स्वतःहून सोडणाऱ्या कुटुंबाला जुने घर पाडण्याचा खर्च आणि नव्या घराच्या कर्जावरचे व्याज सरकार देते, तेही दरड येण्याआधी. आपल्याकडे याचे रूप असे असू शकते: वाडीच्या शिवारातच, शेतापासून चालत जाता येईल अशा अंतरावर जागा, वनहक्काचा दावा स्थलांतराने बाधित होणार नाही अशी लेखी हमी, आणि घराचा पूर्ण खर्च. वाडी हलवण्याला मी भिंतीपेक्षा वरचे स्थान देतो ते यासाठी की काही उतार असे असतात जिथे कुठलेही बांधकाम पुरे पडत नाही आणि तिथे अनुदानाचा एकच प्रामाणिक उपयोग उरतो.

पैशाचा आक्षेप दोन बाजूंनी येतो. एक बाजू म्हणते, इतक्या वस्त्यांना पुरेल एवढा निधी कुठून आणायचा. हाँगकाँगचा अनुभव इथे कामाचा आहे. १८ जून १९७२ या एका दिवशी तिथे दोन दरडींत १३८ माणसे गेली. पाच वर्षांनी तिथे उतारांसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी कार्यालय उभे राहिले, मानवनिर्मित उतारांची नोंदवही तयार झाली, ती आज साठ हजारांच्या घरात आहे, आणि धोक्याच्या क्रमाने एकेक उतार दुरुस्त करण्याचे काम तीन दशकांहून अधिक काळ न थांबता चालले. हाँगकाँग श्रीमंत आहे. पण त्यांना यश आले ते क्रम लावल्यामुळे आणि दरवर्षी पैसा दिल्यामुळे. आपण रायगडची वीस सर्वाधिक धोक्याची ठिकाणे आधी घेतली आणि दरवर्षी पुढची घेत गेलो, तर निधी पुरणार नाही ही सबब फार टिकत नाही. दुसरी बाजू खर्च आणि लाभाचे गणित मागते. अमेरिकेतील एका प्रसिद्ध अभ्यासाने सरकारी सौम्यीकरण अनुदानाचा एक डॉलर पुढचे सहा डॉलर वाचवतो असे दाखवले आणि तो आकडा जगभर उद्धृत होतो. तो पूर, वादळ, भूकंप आणि वणव्यांबद्दल होता, दरडींबद्दल नव्हता, म्हणून मी तो इथे पुरावा म्हणून वापरणार नाही. शिवाय या गणितात एक धोका आहे: वाडीतली घरे मातीची, स्वस्त, ती वाचवून ‘वाचलेले नुकसान’ थोडे दिसते, आणि महामार्गाची भिंत नेहमी फायद्याची ठरते. मोजमाप घरांच्या किमतीत न करता धोक्याबाहेर आलेल्या माणसांत करायला हवे. त्याच अमेरिकेत असे अनुदान देणारी २०२० पासूनची मोठी योजना एप्रिल २०२५ मध्ये बंद करण्याची घोषणा झाली, यावरून एवढे समजते की वित्त आयोगाने बांधून दिलेला वैधानिक निधी ही आपली जमेची बाजू आहे आणि ती वापरायला हवी.

वापरताना वेळ आणि स्वरूप यांत पैसा वाया जातो. वायनाडनंतर केरळने पुनर्उभारणीचा अंदाज दोन हजार दोनशे कोटींच्या घरात मांडला. केंद्राकडून फेब्रुवारी २०२५ मध्ये आधी मिळाले ते सोळा कामांसाठी ५२९.५० कोटींचे पन्नास वर्षांचे बिनव्याजी कर्ज, तेही ३१ मार्चपर्यंत खर्च करण्याच्या अटीवर, म्हणजे सहा-सात आठवड्यांत. बिनव्याजी कर्ज उपयोगी असते, पण ते अनुदान नाही, आणि सोळा कामे सहा आठवड्यांत नीट होत नाहीत. मार्चअखेरची ही घाई महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याला परिचित आहे. प्रस्ताव ग्रामपंचायतीच्या ठरावापासून निघतो, तहसील, बांधकाम विभाग, भूवैज्ञानिकांचा अभिप्राय, जिल्हा प्राधिकरण, मंत्रालय अशी वाट चालतो. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा होईपर्यंत एप्रिल उजाडतो. डोंगरात काम करता येते ते दसऱ्यापासून मेपर्यंत. मेमध्ये खोदाई सुरू झालेला आणि जूनमध्ये अर्धवट राहिलेला उतार, न खोदलेल्या उतारापेक्षा जास्त धोक्याचा असतो. राज्याने कोकणासाठी ३,२०० कोटींचा आपत्ती सौम्यीकरण प्रकल्प आखला, ते पाऊल योग्यच होते. पण भूमिगत वीजवाहिन्या, किनाऱ्याचे बंधारे, निवारे आणि दरडी या सगळ्यांची वाटणी एकाच पेटीतून होते तेव्हा वीस लाखांच्या गटाराचा पाठपुरावा करायला कुणी उरत नाही. कायद्यात सांगितलेला जिल्हा सौम्यीकरण निधी प्रत्यक्षात पैशासह जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती असावा आणि ठरावीक मर्यादेपर्यंतची वाडीची कामे तिथेच मंजूर व्हावीत, ही दुरुस्ती शासन निर्णयाने करता येते. यात गैरव्यवहार होईल अशी भीती रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे यादी, रक्कम आणि कामाची स्थिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, आणि पावसाळ्यानंतर ग्रामसभेने चराची पाहणी करूनच शेवटचे देयक देणे. लोकांच्या दारातल्या गटारात ढाळ आहे की नाही, हे त्या लोकांना कुणी शिकवावे लागत नाही.

डोंगराखाली ज्यांची घरे, वाड्या किंवा नातेवाईक आहेत त्या वाचकांना एक विनंती. आपल्या वाडीचे नाव जिल्ह्याच्या दरडप्रवण यादीत आहे का, हे तहसील कार्यालयात लेखी विचारा. नसेल आणि माथ्यावर भेगा दिसत असतील, तर छायाचित्रांसह ग्रामसभेचा ठराव दिवाळीआधी जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या, त्याची पोच घ्या, आणि ठरावात भिंतीआधी वाडीवार पाहणी, माथ्यावरचा अस्तरी चर, पर्जन्यमापक आणि हवे असेल तर स्थलांतर, अशी मागणी नाव घेऊन लिहा. सौम्यीकरण निधीत या चारही कामांना जागा आहे, आणि दिवाळीआधी गेलेला प्रस्तावच पुढच्या जूनच्या आत जमिनीवर उतरू शकतो.